सिनेमा कसा वाटला?

तालुक्याच्या गावी जाऊन नवा सिनेमा पाहून आलेल्या माणसाला घरचे, शेजारचे, पारावरचे सगळे एकच प्रश्न विचारतात : "कसा वाटला?" या प्रश्नाची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. "भारी आहे." "टाइमपास आहे." "पैसे वसूल." "पहिला भाग झकास, पुढे रेंगाळलाय." "शेवट काही पटला नाही बुवा." आणि सगळ्यांत सावध उत्तर म्हणजे, "एकदा बघायला हरकत नाही."

शिकलेसवरलेले लोक या उत्तरांना हसतात. ही काय मते झाली, असे त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. मी महाविद्यालयात शिकवतो, आणि सिनेमाचा शौकही बाळगून आहे. सोमवारी सकाळच्या तासाला मुलांच्या तोंडून ही मते वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. प्रत्येक मताच्या पोटात काहीतरी खरे निरीक्षण दडलेले असते. फक्त ते सोलून पाहिलेले नसते. भुईमुगाची शेंग टरफलासकट कोणी खात नाही. पण म्हणून ती कोणी फेकूनही देत नाही. आजच्या या भाषणात आपण अशाच काही शेंगा फोडून पाहणार आहोत.

पहिली गोष्ट अशी, की सिनेमाविषयी मत देणे हे आपल्याकडे काल-परवा सुरू झालेले नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला, तेव्हापासून आपला प्रेक्षक मत देतोच आहे. त्या चित्रपटातली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. प्रेक्षकांनी ते मानून घेतले. कारण दशावतारात, तमाशात, नाटकात पुरुषाने स्त्रीचे काम करणे त्यांना नवे नव्हते. म्हणजे काय, तर आपण पडद्याकडे जातो ते रिकाम्या हाताने जात नाही. आपल्या सवयी, आपली गाणी, आपले संकेत हे सगळे गाठोडे पाठीवर घेऊन जातो, आणि त्या गाठोड्यातल्या मापाने पुढ्यातला माल मोजतो.

माप एकच असते असेही नाही. दामले आणि फत्तेलाल यांनी प्रभातसाठी काढलेला 'संत तुकाराम' १९३६ साली आला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. वारकऱ्याचे माप आणि परदेशी परीक्षकाचे माप, दोन्हींत तो पुरा उतरला. पण दरवेळी असे होत नाही. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद थिएटरात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडक्यांचे ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले, आणि त्याची नोंद गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात झाली. सुशिक्षित घरांत मात्र दादांचे नाव निघाले की नाक मुरडले जाई. मग बरोबर कोण? नाक मुरडणारे की तिकिटाच्या खिडकीपुढे रांग लावणारे?

याचे उत्तर देण्यापूर्वी दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. एक शब्द 'आवडला', दुसरा शब्द 'चांगला'. बोलताना आपण हे दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, आणि निम्मी भांडणे तिथेच सुरू होतात. मला शाळूची भाकरी आवडते आणि तुम्हांला बाजरीची आवडते, यात वाद कसला? आवड ज्याची त्याची. परंतु "ही भाकरी चांगली झाली आहे" असे मी म्हणालो, तर ते माझ्या जिभेपुरते राहत नाही. ती पापुद्रा सुटून फुगली की नाही, करपली का, आत कच्ची राहिली का, हे चारचौघांना दाखवता आले पाहिजे. सिनेमाचेही असेच. "मला आवडला" म्हणणाऱ्याकडे कोणी पुरावा मागू नये. पण "चांगला आहे" किंवा "भिकार आहे" असे म्हणणाऱ्याने पडद्यावरचे काहीतरी बोट ठेवून दाखवले पाहिजे. दादांचे चित्रपट रांग लावणाऱ्यांना आवडत होते, हे खरे. ते आवडण्यामागे विनोदाच्या वेळेचे पक्के भान, गाण्याची ठेकेदार बांधणी आणि अस्सल बोली होती, हेही दाखवता येते. आणि त्यांतला काही विनोद बायकांना खाली मान घालायला लावणारा होता, हेही दाखवता येते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मत देणे म्हणजे यांतली एक उचलून बाकीच्या दोन झाकून ठेवणे नव्हे.

आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट न पाहिलेला माणूस महाराष्ट्रात शोधावाच लागेल. करमाळ्याच्या बाजूचा तो मुलूख, उसाची शेते, केळीच्या बागा, पायऱ्यांची विहीर, ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी आर्ची, मासेमाराचा पोरगा परशा. अकलूजच्या रिंकू राजगुरूला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखाचा मान मिळाला. अजय-अतुल यांच्या संगीताने तर गावोगाव धुमाकूळ घातला. मराठी चित्रपटाने तोवर कधी पाहिला नव्हता एवढा धंदा त्याने केला. २०१८ साली त्यावरून 'धडक' हा हिंदी चित्रपटही निघाला.

या चित्रपटाविषयीचे सर्वांत प्रचलित मत कोणते? "पहिला भाग झकास, दुसरा रेंगाळतो, आणि शेवट तसा करायला नको होता." हेच मत मी विद्यार्थ्यांकडून ऐकले, सहकाऱ्यांकडून ऐकले, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडूनही ऐकले. एवढ्या लोकांना एकच गोष्ट जाणवते, तेव्हा त्या निरीक्षणात तथ्य असलेच पाहिजे. दुसरा भाग रेंगाळतो, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच, की तो का रेंगाळतो? करणाऱ्याला जमले नाही म्हणून, की त्याला तसेच हवे होते म्हणून?

तुम्ही रेडिओ ऐकणारी मंडळी आहात, तुमचे कान तयार आहेत. म्हणून तुम्हांला एक साधा प्रयोग सुचवतो. हा चित्रपट पुन्हा पाहायचा योग आला, तर मधली पाच-पाच मिनिटे डोळे मिटून नुसता ऐका. पूर्वार्धात कान भरून जातात. व्हायोलिनांचा मोठा ताफा, हलगीचा कडकडाट, पोरांच्या आरोळ्या, क्रिकेटच्या सामन्याचे समालोचन. गाणी जवळजवळ सगळी याच भागात येतात. चित्रेही तशीच : संथ धावणारी पावले, उडणारे पक्षी, सोनेरी ऊन. आपण नेहमीच्या प्रेमकथेत बसलो आहोत, अशी आपली खात्री पटते. मग दोघे पळून हैद्राबादला जातात, आणि आवाज बदलतो. आता स्टोव्हचा आवाज, झोपडपट्टीतला गलका, न कळणारी भाषा, नवराबायकोचे भांडण. गाणे नाही. घर चालवायचे तर पाणी भरावे लागते, संडास दूर असतो, पगार पुरत नाही, संशय येतो. प्रेमात पडायला एक गाणे पुरते. संसार करायला महिने लागतात. म्हणून तो भाग लांब आहे. आपल्याला कंटाळा येतो तो त्या दोघांनाही येतो आहे. आर्चीला घरची आठवण येते, तेव्हा आपल्यालाही पूर्वार्धाची आठवण येत असते. हे योगायोगाने झालेले नाही.

आणि मग शेवट. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची चहा करते. थोड्या वेळाने शेजारणीबरोबर बाहेर गेलेले तान्हे मूल परत येते, आणि त्याच्याबरोबर आपण घरात पाहतो. त्या ठिकाणी ध्वनी पूर्ण बंद होतो. किंकाळी नाही, पार्श्वसंगीत नाही. मूल रडत बाहेर चालत जाते, त्याची इवली पावले लाल उमटत जातात, आणि ते रडणेही आपल्याला ऐकू येत नाही. ज्या चित्रपटाने दीड तास कान भरले, त्याने शेवटी कान रिकामे करून पाठवले. थिएटरात झिंगाटवर नाचलेली पोरे बाहेर पडताना गप्प होती, ती या शांततेमुळे.

"शेवट तसा करायला नको होता," हे मत आता पुन्हा ऐकू. याचे दोन अर्थ होतात. एक अर्थ कलेचा : शेवट जुळत नाही, ओढूनताणून आणला आहे. तो अर्थ मला टिकत नाही असे वाटते. कारण शेवटाची तयारी चित्रपटात आधीपासून आहे. आर्चीचा भाऊ भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली मारतो, आणि ती गोष्ट पचून जाते. माझ्या शिक्षक बंधुभगिनींनी हा प्रसंग विसरू नये. जो मुलगा शिक्षकावर हात उगारतो आणि ज्याला घरातून कोणी जाब विचारत नाही, तोच मुलगा शेवटी हैद्राबादच्या दारात उभा असतो. वर्गातले ते दृश्य पाहताना पुष्कळ लोक हसतात. म्हणून शेवट अचानक वाटतो.

दुसरा अर्थ मात्र कलेचा नाही, जगण्याचा आहे. आमच्या वर्गात या चित्रपटावर बोलणे निघाले, तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, चूक तिचीच. पळून जायलाच नको होतं." वर्गातली बरीच मुले हसली, काहींनी माना डोलावल्या. मुलींच्या बाकांवर कोणी काही बोलले नाही. त्याच्यावर रागावणे सोपे होते. परंतु रागावले की मुले मत बदलत नाहीत, फक्त ते आपल्यापुढे बोलायची थांबतात. म्हणून मी एवढेच विचारले, "चित्रपटात खून कोणी केला?" वर्ग शांत झाला. उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, शेवट खरा आहे, म्हणून आवडत नाही." मला वाटते, त्या चित्रपटावर मी वाचलेल्या सगळ्या परीक्षणांत हे वाक्य बसवता येईल, आणि ते वरच्या रांगेत बसेल.

यातून ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की सिनेमाविषयीचे मत हे पुष्कळदा सिनेमाविषयी नसतेच. दोष कोणाला द्यावा, कोणाच्या बाजूने उभे राहावे, घरची अब्रू कशात आहे, हे सारे आपण "शेवट पटला नाही" एवढ्या तीन शब्दांत बोलून मोकळे होतो. ज्या गोष्टी घरात उघड बोलता येत नाहीत, त्या परशा-आर्चीच्या नावाने बोलता येतात. गावात अशी एखादी मुलगी, असा एखादा मुलगा खरोखरच असतो. आपण चहाच्या टपरीवर त्या चित्रपटाविषयी काय बोलतो, हे तीही ऐकत असतात. आपल्या संकटात या माणसांकडे जावे की नाही, याचा निर्णय ती त्यावरून करतात. म्हणून सहज दिलेले मतही अगदी सहज नसते.

याच दिग्दर्शकाचा आधीचा चित्रपट 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी आला होता. त्याविषयी "शेवट कळला नाही" असे पुष्कळजण म्हणतात. त्यात डुकरे धरण्याचे काम करणाऱ्या कुटुंबातला जब्या नावाचा शाळकरी मुलगा आहे. शाळेजवळ डुक्कर धरताना वर्गातल्या मुलांनी, विशेषतः शालूने आपल्याला पाहू नये म्हणून तो लपत असतो. ऐन वेळी डुक्कर हातात येणार, एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. घरची सगळी माणसे जिथल्या तिथे ताठ उभी राहतात, आणि डुक्कर निघून जाते. शिक्षकाने या एका दृश्यावर दोन तास बोलावे. त्यांत भाषण नाही, शिव्या नाहीत, कोणाला कोणी काही समजावून सांगत नाही. चित्रपट ही चित्रांनी बोलण्याची कला आहे, असे आपण ऐकतो. तिचा याहून सोपा धडा मिळणार नाही. चित्रपटाच्या शेवटी जब्या धोंडा उचलून भिरकावतो, आणि तो सरळ आपल्याकडे, पाहणाऱ्याकडे येतो. "कळला नाही" म्हणणाऱ्याला विचारा, धोंडा कोणाच्या दिशेने आला? उत्तर देताना तो स्वतःच थांबेल. पुष्कळदा "कळले नाही" म्हणजे "कळले, पण मान्य करणे जड जाते" असे असते.

सगळाच कंटाळा मात्र आपण प्रेक्षकाच्या माथी मारू नये. काही चित्रपट कंटाळवाणे असतात, कारण करणाऱ्याला सांगायचे काही नसते. कंटाळ्याच्या दोन जाती ओळखता आल्या पाहिजेत. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला, त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ठरला, आणि ऑस्करसाठी भारताकडून पाठवला गेला. एका गटारकामगाराने एका लोकशाहिराचे गाणे ऐकून आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्या शाहिरावर खटला चालतो, एवढी त्याची कथा. शाहिराचे काम वीरा साथीदार यांनी केले होते. २०२१ साली ते आपल्यातून गेले. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसे येतात-जातात, तारखा पडतात. पाहणारा म्हणतो, "काही घडतच नाही." ज्याने जमिनीच्या तंट्यात तालुका कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला विचारा. कोर्टात असेच असते. दिवस जातो आणि काही घडत नाही. हा कंटाळा चित्रपटाचा विषयच आहे. उलट जिथे तिसऱ्यांदा तोच विनोद येतो, कथेला गरज नसताना परदेशातले गाणे येते, तिथला कंटाळा हा नुसता कंटाळा. पहिल्या प्रकारात आपण बाहेर पडल्यावर विचार करतो, दुसऱ्यात मनगटावरचे घड्याळ पाहतो.

आता एक अगदी वेगळा चित्रपट. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ रोजी आला. सहा बहिणी, प्रत्येकीचे वेगळे दुःख, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्यांचे एकत्र येणे. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांच्यासारख्या मुरलेल्या नट्या. गावोगावच्या बायका नटूनथटून, गट करून, तिकिटे काढून थिएटरात गेल्या. पडद्याबाहेर मोकळ्या जागेत फुगड्या झाल्या. काही जाणकार म्हणाले, यात भडकपणा आहे, सगळे प्रश्न शेवटी फार सोपेपणाने सुटतात. ही टीका पडद्यावर बोट ठेवून दाखवता येते, म्हणून ती मानली पाहिजे. परंतु आणखी एक प्रश्न विचारायला हवा : हा चित्रपट कोणासाठी काढला होता? पन्नाशीच्या बाईला, जिने आयुष्यभर दुसऱ्यांना जेवायला वाढले, तिला मध्यभागी ठेवून आपल्याकडे किती चित्रपट निघतात? ज्या बायका पंधरा-पंधरा वर्षांत थिएटरात गेल्या नव्हत्या, त्या कोणाची परवानगी न विचारता मैत्रिणींबरोबर गेल्या. चित्रपटाचे मोजमाप करताना हे बाहेरचे नाट्यही हिशेबात धरावे लागते. त्याने चित्रपट अधिक चांगला ठरत नाही, पण अधिक महत्त्वाचा ठरतो. 'आवडला' आणि 'चांगला' यांच्या जोडीला 'उपयोगी पडला' हा तिसरा शब्द ठेवायला काय हरकत आहे?

हल्ली मतांच्या बाजारात एक नवे चलन आले आहे, ते म्हणजे कोटींचे आकडे. "शंभर कोटी केले, म्हणजे चांगलाच असणार," असे विद्यार्थी बिनदिक्कत सांगतात. हा आकडा काय असतो, ते शेतकरी माणसाला चटकन समजेल. तुमचा माल बाजारात अमुक भावाने विकला गेला, असे पेपरात छापून येते. पण तुमच्या हातात जी हिशेबपट्टी येते, तिच्यात हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा झालेले असते, आणि घरी येताना खिशात उरते ते निराळेच. तसेच इथे. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा तिकीटखिडकीवरच्या एकूण विक्रीचा असतो. त्यातून कर जातो. उरलेल्यातला मोठा वाटा, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, थिएटरवाल्याकडे जातो. मग वितरकाचा हिस्सा, जाहिरातीचा खर्च, आणि सगळ्यांत शेवटी निर्मात्याचे भांडवल. म्हणजे शंभर कोटींची विक्री आणि शंभर कोटींची कमाई यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय तिकीट दोनशे रुपयांचे असले, तर थोड्या माणसांतही मोठा आकडा होतो. किती माणसांनी पाहिला, हे त्यावरून कळत नाही. आणि त्या माणसांना कसा वाटला, हे तर मुळीच कळत नाही. आकडा खोटा असतो असे मी म्हणत नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

ट्रेलरचीही तीच गत. दोन-अडीच मिनिटांचा ट्रेलर म्हणजे पाहायला आलेल्या मंडळींपुढची पोह्यांची बशी. खोबरे, कोथिंबीर, वर लिंबाची फोड. त्यावरून पुढचा संसार कसा होईल हे कोणी सांगू नये. हल्ली मोबाइलवर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांवरून मुले संपूर्ण चित्रपटाविषयी मत बनवतात, आणि चित्रपट न पाहताच त्याच्यासाठी भांडतात. त्यांतले पुष्कळ कौतुक, आणि पुष्कळ निंदाही, पैसे देऊन पसरवलेली असू शकते, याचे भान त्यांना शाळेतच दिले पाहिजे. जो चित्रपट आपण पाहिला नाही, त्याविषयी "पाहिला नाही" एवढेच मत असू शकते.

सिनेमा पाहण्याची रीतही आपल्या डोळ्यांदेखत बदलली. जत्रेत ट्रकमधून येणारा तंबू, त्यातले घरघरणारे यंत्र, रीळ तुटले की होणारा शिट्ट्यांचा गजर हे एक जग होते. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजवाल्यांवरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. रिळांची जागा संगणकी फायलींनी घेतली, आणि पुढे चित्रपट तळहातावर आला. सोय झाली, यात शंका नाही. डोंगराकाठच्या वाडीतल्या मुलालाही आता 'श्वास' पाहता येतो. पण तंबूत शेजारचा माणूस कुठे हसतो, कुठे डोळे पुसतो, हे दिसत असे, आणि आपले मत त्याच्या मताला घासून तयार होत असे. एकट्याने पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलायला दुसरा माणूस मुद्दाम शोधावा लागतो. ती जागा शाळेने भरून काढावी, असे मला वाटते.

त्यासाठी फार साहित्य लागत नाही. महिन्यातून एक तास आणि एक चित्रपट पुरे. वय पाहून निवड करावी. चित्रपटाला मिळालेले प्रमाणपत्र आधी वाचावे. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने 'यूए' या मधल्या वर्गाच्या ७, १३ आणि १६ वर्षे अशा तीन पायऱ्या केल्या आहेत, त्या पालकांनाही समजावून द्याव्या. लहानांसाठी 'टिंग्या' आहे : शेतकऱ्याच्या घरचा जखमी बैल विकायला निघतो, आणि घरातला मुलगा त्याला विकू द्यायला तयार नसतो. थोड्या मोठ्यांसाठी 'श्वास' आहे. नातवाचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, हे आजोबांनी त्याला कसे सांगायचे? १९५४ साली पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ने सुवर्णपदक मिळवले होते. त्यानंतर तसा मान मराठीकडे यायला पन्नास वर्षे गेली, आणि तो 'श्वास'ने आणला.

चित्रपट संपल्यावर मात्र लगेच "यातून काय बोध घेतला?" असे विचारू नका. त्या प्रश्नाने मुले पाठ केलेले उत्तर देतात. त्याऐवजी चार साधे प्रश्न विचारा. कोणते चित्र डोळ्यांपुढून जात नाही? कोणता आवाज आठवतो? कोणाच्या बाजूने तुम्ही उभे होता, आणि मधे कधी बाजू बदललीत का? आणि तुम्हांला हा चित्रपट काढायचा असता, तर काय वेगळे केले असते? या चार प्रश्नांची उत्तरे देताना मूल आपोआप पडद्यावरचा पुरावा शोधू लागते. त्याचे मत तुमच्यापेक्षा वेगळे निघाले, तरी ते पुसू नका. फळ्यावर दोन्ही मते लिहा. मुलांना एवढे कळले पाहिजे, की मत वेगळे असले म्हणून माणूस शत्रू होत नाही, आणि मत आपले आहे म्हणून ते आपोआप बरोबरही ठरत नाही.

घरीही हे करता येईल. पुढच्या वेळी मुलगा किंवा मुलगी सिनेमा पाहून आली, आणि "भारी होता" म्हणाली, की तिथेच न थांबता शांतपणे "का?" असे विचारा. आवाजात उलटतपासणी नको, कुतूहल असू द्या. पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. दुसऱ्यांदा दोन वाक्ये मिळतील. तिसऱ्यांदा कदाचित अर्धा तास जाईल, आणि त्या अर्ध्या तासात सिनेमा बाजूला राहून मूल स्वतःविषयी, मित्रांविषयी, आपल्या भीतीविषयी बोलू लागेल. तेव्हा जेवण थोडे निवले तरी चालेल. ऐकून घ्या.